गडाची शिबंदी

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा ओलांडली की शिरवळ लागते. हल्ली ह्या गावाभोवती कारखान्यांची गर्दी झाली आहे. हमरस्त्यावरून भरधाव जाणाऱ्या प्रवाशाचे लक्ष नदीकाठी उरलेल्या सुभानमंगळाच्या अवशेषांकडे जाण्याचा संभव थोडाच. १६४८ मध्ये विजापूरच्या फत्तेखानाची स्वारी आली, तेव्हा बाळाजी हैबतरावाने हे ठाणे बळकावले आणि कावजी मल्हार प्रभृती वीरांनी ते लढून परत घेतले. स्वराज्याच्या अगदी आरंभीच्या लढायांत ह्या लढाईची गणना होते.

किल्ल्यावर शत्रू बाहेरून येतो हे पोरासही कळते. परंतु किल्ला आतूनही जातो, हे ज्यास कळले त्याच्याच हाती किल्ले टिकतात. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था वर्णिली आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी, तेही भिन्न ज्ञातींचे, असा तिचा सारांश. महाराजांस आपल्या शिबंदीच्या शौर्याविषयी शंका नव्हती. पण ज्या शौर्यावर अंकुश नाही ते एखाद्या दिवशी धन्याच्याच घरावर चालून जाईल, ही जाणीव त्यांस होती. गडाचे खरे सामर्थ्य शिबंदीच्या संख्येत नसून तिच्या शिस्तीत आहे, हा त्या व्यवस्थेचा अर्थ होय.

मनुष्याच्या देहात अशीच एक शिबंदी रात्रंदिवस पहाऱ्यावर असते. तिला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो. रोगजंतू आत शिरला की त्यास ओळखणे, घेरणे आणि मारणे हे तिचे काम. आपले कोण व परके कोण, ही ओळख तिला असावी लागते. ही ओळख बिघडली म्हणजे जे रोग उद्भवतात त्यांस स्वयंप्रतिकार रोग असे नाव आहे. शिबंदी सांध्यांच्या अस्तरावर उलटली की बोटे सुजून वाकडी होतात. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीवर उलटली की सगळे शरीर मंदावते. स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर उलटली की कोवळ्या वयाच्या मुलास मधुमेह जडतो. आणि ल्युपस नामक रोगात त्वचा, मूत्रपिंड, रक्त ह्यांपैकी कशावरही तिचा हल्ला होऊ शकतो. ही यादी बरीच लांब आहे. ह्या ज्ञानाचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात ठेवावा, आणि त्यातून आजच्या आचारास काय बोध मिळतो ते पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

हे रोग शहरी राहणीचे किंवा आधुनिक चैनीचे फळ आहे असा एक समज ऐकू येतो. त्यावर शिरवळातच उत्तर सापडते. तेथे क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आणि कोणताही पशुवैद्य सांगेल की कुत्र्यांसही हे रोग होतात. कुत्र्याची प्रतिकारशक्ती त्याच्याच तांबड्या रक्तपेशींचा नाश करते, त्याच्या कातडीवर फोड आणते, त्याचे सांधे पोखरते. मुक्या जनावरास ना चिंता ना चैन, तरी रोग होतो. यास्तव रोग्याने काही पाप केले असावे, निदान पथ्य मोडले असावे, अशा दृष्टीने त्याच्याकडे पाहण्याची आपली खोड प्रथम सोडून दिली पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी ह्या रोगांचे रूप पाहिले होते काय? निदान सांध्यांच्या बाबतीत होय असे म्हणण्यास आधार आहे. आठव्या शतकाच्या सुमारास झालेल्या माधवकराच्या ‘माधवनिदान’ ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. हात, पाय, घोटे, गुडघे ह्यांच्या सांध्यांस सूज, विंचू डसल्यासारखी वेदना, अन्नावर वासना नसणे, अंग जड होणे, अशी लक्षणे त्यात दिली आहेत. ह्यात दोन गोष्टी मार्मिक आहेत. एक ही की, सांधा दुखतो म्हणून दोष सांध्यातच आहे असे ग्रंथकाराने मानले नाही. सगळे शरीर बिघडले असून सांधा ही त्याची केवळ चव्हाट्यावर आलेली खूण, असे त्याने मानले. दुसरी ही की, आहार आणि व्यायाम ह्यांचा विचार त्याने निदानातच केला. तथापि माधवकराचा आमवात आणि आजचा संधिवाताभ रोग तंतोतंत एकच असे म्हणणे धाडसाचे होईल. मंदाग्नीतून उत्पन्न होणारा ‘आम’ ही त्या काळाची कल्पना होती. शिबंदीच उलटली आहे हे पाहण्याची साधने त्या काळी जगात कोणापाशीच नव्हती.

युरोपातही हे ज्ञान उशिरा आले. १८०० मध्ये पॅरिस येथील लँद्रे-बोव्हे नावाच्या तरुण वैद्याने आपल्या प्रबंधात नऊ स्त्रियांच्या सांध्यांच्या रोगाचे वर्णन केले आणि हा गाउट नव्हे, निराळाच रोग आहे, असे सांगितले. त्यास आजचे इंग्रजी नाव मिळाले ते १८५९ मध्ये, गॅरड ह्या इंग्रज डॉक्टराकडून. परंतु नाव मिळाले म्हणजे कारण कळले असे होत नाही.

कारणाच्या वाटेवर पहिली धोंड घातली ती एका थोर शास्त्रज्ञानेच. पॉल एर्लिख ह्याने १९०० च्या सुमारास बोकडांच्या रक्तावर प्रयोग केले. दुसऱ्या बोकडाचे रक्त टोचले तर प्रतिद्रव्ये निर्माण होत. स्वतःचे टोचले तर होत नसत. यावरून त्याने असे मानले की, देहास आत्मघाताची उपजत धास्ती असते आणि ती त्यास आवरून धरते. ह्या धास्तीस त्याने एक लॅटिन नावही दिले. लवकरच, १९०४ मध्ये, डोनाट व लँडस्टायनर ह्यांनी दाखवून दिले की, थंडी लागताच ज्यांची लघवी लाल होते अशा काही रोग्यांच्या रक्तात स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारे प्रतिद्रव्य असते. पुरावा स्वच्छ होता. पण एर्लिखच्या नावाचा दरारा एवढा मोठा की, हा अपवाद समजून विद्वानांनी पुढली पन्नास वर्षे त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. शास्त्रातही मोठ्या माणसाचा शब्द कधी कधी भिंत होऊन बसतो, ह्याचे हे ठळक उदाहरण.

ती भिंत पाडण्याच्या कामी आपल्या देशातील एका लसीचा मोठा भाग आहे, आणि तिची आठवण महाराष्ट्रातील कित्येक घरांत अजून ताजी असेल. पिसाळलेले कुत्रे चावले म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, हे आजही वडीलधारी माणसे अंगावर काटा आणून सांगतात. १८८५ मध्ये पाश्चरने सशाच्या मज्जारज्जूपासून पहिली लस केली. पुढे १९११ मध्ये डेव्हिड सेंपल ह्याने कसौली येथे मेंढीच्या मेंदूपासून लस सिद्ध केली. ती स्वस्त होती व मोठ्या प्रमाणावर करता येई. परळच्या हाफकिन संस्थेतही ती तयार होत असे. तिने असंख्य माणसांस भयंकर मरणापासून वाचवले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु लस घेतलेल्यांपैकी हजारांत एखाद्या-दुसऱ्यास काही दिवसांनी पक्षाघात होई. हा पक्षाघात पिसाळ रोगाचा नव्हे. लसीबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंश शरीरात जाई, शिबंदी त्याविरुद्ध शस्त्र परजी, आणि मेंढीचा मेंदू व माणसाचा मेंदू ह्यांत साम्य असल्यामुळे तेच शस्त्र रोग्याच्या स्वतःच्या मज्जातंतूंवर चाले.

हे कोडे सोडवण्यासाठी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स व त्याचे सहकारी ह्यांनी १९३३ ते १९३५ मध्ये माकडांस सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुनःपुन्हा टोचला. जंतू एकही नसताना माकडांच्या मेंदूवर आघात झाला. देहाची आत्मघाताची धास्ती मोडता येते, हे प्रयोगाने सिद्ध झाले. त्या प्रयोगापासूनच पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या दारुण रोगाचा अभ्यास वाढला. मेंढीच्या मेंदूची लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली व तिच्या जागी पेशीसंवर्धनापासून केलेल्या, दंडावर घ्यावयाच्या निर्धोक लसी आल्या. कुत्रे चावले असता आज लस घेण्यास कचरण्याचे काहीही कारण नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

१९५६ हे वर्ष ह्या इतिहासात सीमाचिन्हासारखे आहे. हाशिमोतो ह्या जपानी शस्त्रवैद्याने १९१२ मध्ये थायरॉइडच्या एका सुजेचे वर्णन केले होते. तिच्या रोग्यांच्या रक्तात त्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिद्रव्ये आहेत, हे लंडनमध्ये रॉइट, डोनियाक व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखवले. आणि अमेरिकेत बफलो येथे रोझ व विटेब्स्की ह्यांनी सशांत तसाच रोग निर्माण करून दाखवला. आता शंकेस जागा उरली नाही.

कारण उमगण्यापूर्वीच उपाय मात्र येऊन पोचला होता. अमेरिकेतील फिलिप हेंच ह्या डॉक्टराने बारीक नजरेने एक गोष्ट टिपली होती. संधिवाताच्या रोग्यास कावीळ झाली, अथवा रोगी स्त्री गर्भवती राहिली, म्हणजे वेदना काही काळ शमतात. शरीरातच कुठेतरी शामक द्रव्य असले पाहिजे, असे त्याने ताडले. सप्टेंबर १९४८ मध्ये त्याने एका अंथरुणास खिळलेल्या तरुण स्त्रीस कॉर्टिझोन टोचले आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक त्यास इतर दोघांसह मिळाले. परंतु हर्ष फार काळ टिकला नाही. मोठ्या मात्रेने चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, हे लवकरच अनुभवास आले. स्टेरॉइड हे दुधारी शस्त्र आहे. कुशल हाती ते प्राण वाचवते.

दुसऱ्या एका औषधाचा धागा आपल्या देशबांधवापर्यंत जातो. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांच्या देखरेखीखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाला विरोध करणारी द्रव्ये तयार झाली. त्यांतील एकाचा १९५१ मध्ये संधिवातावर पहिल्यांदा उपयोग करण्यात आला. त्याच कुळातील मेथोट्रेक्झेट हे आज संधिवाताभ रोगाचे मुख्य औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच, अल्प मात्रेने घ्यावयाचे असते; चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. घरातील जाणत्या माणसाने ही एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी.

आता इतिहासाचे शेवटचे पान. शिबंदीस शिस्त लावतो कोण? जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची ह्यांनी १९९५ मध्ये दाखवले की, प्रतिकारपेशींमध्येच काही नियामक पेशी असतात व त्या इतर पेशींस आवरून धरतात. २००१ मध्ये मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल ह्यांनी ज्या जनुकाच्या बिघाडाने हा अंकुश सुटतो ते शोधून काढले. ह्या तिघांस २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सभासदाने वर्णिलेली एकमेकांवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांची व्यवस्था देहातही आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

एवढे विवेचन करण्याचे कारण असे की, आज घरोघरी एकच मंत्र ऐकू येतो: प्रतिकारशक्ती वाढवा. चूर्णे, काढे, गोळ्या सर्व ह्याच मंत्राने विकल्या जातात. सर्दीपडशाच्या बाबतीत ह्या मंत्राचे काय मूल्य असेल ते असो. परंतु ज्याची शिबंदीच उलटली आहे त्यास आणखी शिपाई पुरवणे हा उपाय कसा होईल? करोनाच्या साथीत पुष्कळांनी ह्याच आशेने गुळवेलीचे सेवन केले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी सहा रोग्यांची हकीकत शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृतास इजा झाली होती आणि तिचे स्वरूप स्वयंप्रतिकार रोगासारखे होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पती खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे ठरले नाही, असे त्याचे म्हणणे. पुढील वर्षी देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून ४३ रोग्यांची तशीच हकीकत दिली. वादाचा निकाल कसाही लागो, ज्यास थायरॉइडचा वा सांध्यांचा असा रोग आहे त्याने वैद्यास विचारल्यावाचून असली औषधे घेऊ नयेत, एवढा बोध निर्विवाद आहे.

मग आहारविहाराचा विचार व्यर्थ काय? मुळीच नाही. उलट एका रोगाच्या बाबतीत आहार हाच उपचार ठरला आहे. विलेम डिके हा हॉलंडमधील बालवैद्य. काही मुलांस गहू सोसत नाही, त्याने त्यांची आतडी बिघडतात, असा संशय त्यास युद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि सगळा देश खंगत असताना ही मुले मात्र सुधारली. गव्हातील ग्लुटेन ह्या द्रव्यामुळे शिबंदी आतड्यावर उलटते, हे आज ठाऊक आहे. अशा रोग्यास गहू व जव जन्मभर वर्ज्य. परंतु आमच्या नीराकाठच्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीत ग्लुटेन नाही, आणि तांदूळ व नाचणीतही नाही. मात्र ह्या एका रोगाचे पथ्य सर्व रोगांस लावणे चूक होय. निदान न करता घरातील गहू बंद केला तर पुढे तपासणीतही रोग लपून राहतो.

इतर रोगांत आहारविहाराचे काम सहायकाचे आहे, पण ते लहान नाही. धूम्रपानाने संधिवाताभ रोग उद्भवण्याचा संभव वाढतो व उद्भवलेला बळावतो. तेव्हा विडी-सिगारेट सोडणे हेच पहिले पथ्य. झेपेल एवढा नियमित व्यायाम सांध्यांस मोडत नाही, सावरतो. ल्युपसच्या रोग्याने कडक उन्हापासून जपावे. पुरेशी झोप आणि मनाची स्वस्थता ह्यांनी रोग समूळ जात नसला तरी तो सोसण्याचे बळ वाढते. योगाची परीक्षा प्रयोगशाळेत करण्याची परंपरा स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आपल्याकडेच घालून दिली. श्रद्धा असावी, पण तिने परीक्षेस भिऊ नये, हा त्या परंपरेचा खरा आशय.

आयुर्वेदाच्या बाबतीतही आमचे मत हेच आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोइमतूर येथे ४३ रोग्यांचे तीन गट केले. एकास शास्त्रोक्त आयुर्वेदीय उपचार, दुसऱ्यास मेथोट्रेक्झेट, तिसऱ्यास दोन्ही. छत्तीस आठवड्यांनी तिन्ही गटांत सुमारे सारखीच सुधारणा आढळली. रोगी इतके थोडे की यावरून सिद्धान्त बांधता येत नाही. पण मोठी परीक्षा करण्याजोगा हा विषय आहे, एवढे त्याने दाखवले. ह्याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे गुप्त पुड्यांचा. दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे डॉक्टरांस वेळोवेळी आढळले आहे. रोगी म्हणतो, पाहा, झाडपाल्याने गुण आला! गुण आला तो हेंचच्या औषधाचा. पण मात्रा अज्ञात आणि देखरेख कोणाचीच नाही.

रोगाचे प्रमाण किती? इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातीलच स्वयंसेवकांस शिकवून घरोघर पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोक हाडे, सांधे वा स्नायूंच्या वेदनांनी पीडित होते, आणि संधिवाताभ रोग हजारी सुमारे पाच जणांस होता. ह्याचा अर्थ असा की, प्रत्येक मोठ्या खेड्यात असे रोगी आहेतच. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून कितीतरी अधिक असते. सकाळी उठल्यावर तास-तासभर जिची बोटे मिटत नाहीत, जिला कणीक मळवत नाही, पिळा पिळवत नाही, त्या सुनेस ‘वाताचा त्रास आहे, होईल बरा’ असे सांगून आपण वाटेस लावतो. ह्या रोगात पहिले काही महिनेच मोलाचे असतात. तेवढ्यात उपचार झाला तर सांधे वाचतात, नाहीतर एकदा वाकडे झालेले बोट सरळ होत नाही. घरातील लेकी-सुनांची तक्रार वेळीच कानावर घेणे हा ह्या रोगावरचा पहिला घरगुती उपाय, आणि त्यास दमडीही लागत नाही.

समग्र उपचार हा शब्द हल्ली फार सैल झाला आहे. औषध टाकून केवळ पथ्यावर विसंबणे हे समग्र नव्हे. आणि गोळी देऊन रोग्याची झोप, जेवण, घरकाम, मन ह्यांची विचारपूसही न करणे हेही समग्र नव्हे. दोन्हीकडे अर्धाच विचार आहे. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड तर एकाएकी कधीच बंद करू नये. शरीर स्वतःचे तसले द्रव्य निर्माण करणे विसरलेले असते आणि रोगी अकस्मात कोसळतो. कमी करावयाचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीनेच.

शिरवळात सुभानमंगळाखेरीज आणखी एक जुनी वास्तू आहे, ती म्हणजे दगडी पाणपोई. जुन्या वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी कोणा दयाळू माणसांनी ती उभारली. पाणपोईने वाट एक कोसही कमी होत नाही. तरी तिच्यामुळे वाट चालवते. स्वयंप्रतिकार रोगांची वाट बहुधा जन्मभराची असते. उलटलेल्या शिबंदीस आवर घालण्याचे काम वैद्याचे. ते त्याच्यावाचून होणार नाही. परंतु पाणपोई बांधण्याचे काम घरच्या माणसांचे आहे, आणि ते कोणत्याही औषधाच्या दुकानात विकत मिळत नाही.